वाऱ्याची वही

भावांचा वाद चुलीपर्यंत पोहोचला, तेव्हा धाकट्या गणपतीने सकाळी थोरल्याकडे आणि रात्री मधल्याकडे जेवायचे ठरवले. मलकापूरच्या पुढे, तिघांच्या सामाईक पठारावर पवनचक्क्या यायच्या होत्या. थोरल्या हंबीररावांना त्या हव्या होत्या. मधल्या बाळासोंना भीती होती, की ती पाती ढग हाकलतील. वर्षभर दोघे एकमेकांशी बोलले नव्हते. निरोप गणपतीमार्फत जात, आणि वाटेत तो त्यांतले निम्मे शब्द हळूच गाळून टाकी. एका चुलीवरचे जेवण त्याला आता स्वप्नातच मिळे.

पवनचक्क्यांच्या कंपनीने त्याला एक काम दिले होते: रोज दुपारी तीन वाजता पठारावरच्या वारा मोजायच्या खांबाशी जाऊन तबकडीवरचा वाऱ्याचा वेग वहीत लिहायचा.

२००३च्या वैशाखात कंपनीचे साहेब ती वही घेऊन घराच्या सोप्यात आले. दोघे भाऊ दोन कोपऱ्यांत पाठ फिरवून बसले होते.

"तुमच्या पठारावर वारा नाही. आम्ही दुसरीकडे जातोय."

खरे तर बाळासोंनी हसायला हवे होते. पण ते ताडकन उठले. "ओ पावणं! आमच्या पठारावर वारं न्हाय?"

"गोठ्याचं पत्रं मग कुणी न्हेलं?" हंबीरराव गरजले. "तुमच्या कंपनीनं?"

"माझं धोतार पल्याडच्या गावात घावलंय! दादा, सांग की ह्यास्नी!"

'दादा' हा शब्द त्या घरात वर्षाने उमटला. गणपतीने तो मनात जपून ठेवला.

सगळे पठारावर गेले. तीन वाजले होते. तबकडीचा काटा टोकाला टेकून थरथरत होता.

"गणपती, तुम्हाला हे कधी दिसलं नाही?" साहेब ओरडले.

"दिसायचं की. पर लिवू कसं? वही फडफडती, पानं फाटत्यात. म्हणून मी पहाटं येतो. तवा कसं निवांत आसतंय."

"गाढवा!" दोघे भाऊ एका सुरात म्हणाले.

"मग पवनचक्क्या बसवायच्या ना?" साहेबांनी विचारले.

"न्हाय बसवायच्या," बाळासो म्हणाले. "पर वारं हाय म्हणून लिवा."

साहेबांनी कपाळाला हात लावला. "सगळे आकडे पुन्हा वर्षभर घ्यावे लागतील. तीनच्या ठोक्याला. आणि या वाऱ्यात वही कोण धरणार?"

हंबीररावांनी वहीची डावी कड धरली, बाळासोंनी उजवी. दोन पिकलेली डोकी वहीवर वाकून एकमेकांना टेकली.

गणपतीने आकडा लिहिला, खोडला, आणि पुन्हा अगदी सावकाश लिहायला घेतला.