चोरीचं नको, फुकटचं घ्या

आमच्या कॉलेजात कोणाचंही लग्न असो, ठाकूर सर आहेराच्या पाकिटात पेनड्राइव्ह घालत. माझ्या लग्नात बायकोला वाटलं, फोटो असतील. लावून पाहिला तर लिनक्स. दुसऱ्या दिवशी सरांचा फोन आला, "टाकलंत का मशीनवर?" लग्न कसं झालं, हे त्यांनी आजतागायत विचारलेलं नाही.

मी मराठी शिकवतो, सर कॉम्प्युटर. श्रीवर्धनच्या बाजूचं आमचं छोटं कॉलेज. खाऱ्या हवेने मशीनं सारखी मरतात. विंडोजच्या जागी लिनक्स जुन्या मशीनवरही चालतं आणि त्याला पैसे पडत नाहीत, म्हणून विद्यापीठाने ते अभ्यासक्रमात घातलं तेव्हा संस्थेला बरं वाटलं. सरांना मात्र धर्म सापडला. "वापरा, उघडून बघा, वाटा. कोणी चोर म्हणणार न्हाय," हे ते मुलांना, शिपायाला आणि एकदा तपासणीच्या समितीलाही सांगून बसले. कुठे चोरून टाकलेलं विंडोज दिसलं की ताटात केस निघाल्यासारखं तोंड करत. एका लग्नात त्यांनी हॉलच्या मॅनेजरला त्यावरून झापलं, आणि जेवायचं राहून गेलं.

मुलं हसायची. शेवटच्या वर्षातली रेहाना हसत नसे. म्हसळ्याहून यायची, वडील टेम्पो चालवत. सरांचं सगळं तिने खरं मानलं होतं.

महाडकडच्या एका कारखान्यात ऑफिसात मुलगी हवी होती. रेहाना मुलाखतीला गेली. एक्सेलमध्ये तक्ता करायला सांगितला. आमच्याकडे एक्सेल नव्हतं, तरी तिने अडखळत जमवलं. तेवढ्यात स्क्रीनच्या कोपऱ्यात तिला, विकत न घेतलेल्या विंडोजवर येते ती 'अ‍ॅक्टिव्हेट करा'ची सूचना दिसली. तिने साधेपणाने विचारलं, "सर, हे विकत घेतलेलं नाही का?"

समोरचे दोघे हसले. मधला साहेब हसला नाही. त्याने पुढच्या मुलीला आत बोलावलं.

आठवडाभरात तिचे वडील कॉलेजात आले. आवाज चढवला नाही. "पोरीला पोटापुरतं शिकवाल म्हणून धाडली होती," एवढंच सरांना म्हणाले. "आता घरी बसलीय. लग्नाचं बघतोय." पुढच्या सत्रापासून लॅबमध्ये विंडोज येईल, असं संस्थेने ठरवलं. भांडायला सर उठतील असं आम्हाला वाटलं होतं. ते उठले नाहीत.

त्यानंतर सर संध्याकाळचे गायब होऊ लागले. एकदा एसटी स्टँडजवळच्या टायपिंग क्लासमध्ये मला दिसले, दहावीच्या मुलींमध्ये, नाक स्क्रीनला लावून. समोर एक्सेल.

"सर, तुम्ही?"

"तिला शिकवायचंय," ते म्हणाले. "आधी मला यायला नको?"

रविवारी त्यांना माझ्या स्कूटरवरून म्हसळ्याला नेलं. रेहाना ओटीवर आली. सर उभेच राहिले. "चुकलं माझं," म्हणाले.

"तुमचं काय चुकलं? तुम्ही खरं तेच सांगितलंत." तिने खुर्ची पुढे केली. "एक्सेल शिकेन मी, सर. पण कुठं काय विचारायचं न्हाय, तेवढं पण शिकवा."

सरांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला. परत काढला. तिच्या आईने ठेवलेल्या चहावर साय धरली. मग त्यांनी लॅपटॉप उघडून तिच्याकडे सरकवला. "बस. तक्त्यापासून सुरू करू."

तासभर दोघे तेच करत राहिले. घाट उतरेपर्यंत अंधार पडला. त्यांच्या घराशी थांबलो. खिडक्या बंद, आत दिवा नाही.

"उत्तर न्हाय दिलं मी तिला," सर म्हणाले, आणि चावी शोधत अंधारात उभे राहिले.