डिकीतली आढी

"अवो, गाडी बघनारा रविवारी येनार व्हता ना?" सुंदराने विचारले.

"फाट्यावर उतरलाय. आत्ताच फोन आला," नामा म्हणाला.

सुंदराने कपाळावर हात मारला.

शेठच्या कर्जतजवळच्या कोंडाण्याच्या फार्महाऊसवर एक लाल टर्बो गाडी होती. परदेशातून आणलेली, जुनी, तशी दुसरी शोधून सापडायची नाही. नामा तिची राखण करी, म्हणून नवराबायकोला तिथे खोली होती. आता शेठने गाडी विकायला काढली होती. तिचे इंजिन मागे आणि डिकी पुढे. एवढी बंदिस्त, उबदार जागा रिकामी पडलेली सुंदराला बघवत नसे. दर वैशाखात ती डिकीत पेंढा अंथरून आंबे पिकवायला आढी घाली.

"आंबं दिसलं तर शेठ आजच हाकलंल," नामा म्हणाला.

"नाय दिसलं तर?"

"तर गाडी इकली जाईल. मंग म्हयन्याभरात हाकलंल."

पुण्याचे प्रवीण साहेब रिक्षातून उतरले. गाडीभोवती फिरले, थांबले, हुंगले.

"वास कसला?"

"पालिश हाय सायब. भायेरचं."

मग नामाला शेजारी बसवून ते चक्कर मारायला निघाले. टर्बोने जोर धरला तसे नामाने डोळे मिटले. गतिरोधकापाशी करकचून ब्रेक लागला आणि पुढे गडगड गडगड झाले.

"काय वाजलं?"

"टर्बो, सायब."

"टर्बो मागे असतो, नामा."

परत येताच साहेबांनी डिकी उघडली. नामा जमिनीकडे बघत राहिला. साहेबांनी आंबे बाजूला सारत पेंढ्यात कोपरापर्यंत हात घातला, तळ चाचपला.

"कोरडा ठणठणीत! इथल्या पावसात इतकी वर्षं राहून गंज नाही, बुरशी नाही!" त्यांनी तिथूनच शेठला फोन लावला. "गाडी घेतली."

नामाने खिशातली दुसरी किल्ली पुढे केली. खोली गेलीच होती. पण सुंदरा गाडीच्या आडवी आली.

"आज नाय न्यायची. आढी एकदा हादरलीय. आता हलवली तर समदं आंबं डागतील."

"अगं, गाडी त्यांची हाय आता!" नामा कुजबुजला.

"आंबं माजं हाईत."

साहेब गाडीकडे बघत राहिले, मग सुंदराकडे. "पुण्यात माझी गाडी उघड्यावरच उभी राहणार," ते हळूच म्हणाले. "असं करा, हिला इथेच राहू द्या. जागेच्या भाड्याचं मी शेठशी बोलतो. नामा, राखण तुमचीच."

टर्बोचा नवा मालक कर्जत स्टेशनला गेला तो रिक्षातून, मांडीवर चार पिकले आंबे घेऊन. रिक्षा चढावर धापा टाकत होती. मागून सुंदरा ओरडली, "रं दादा, हळू ने! पिकलेलं हाईत!"