पाठमोरा वस्ताद

आमच्या शेजारच्या इब्राहिम वस्तादानं आपल्या पठ्ठ्याची कुस्ती जन्मात कधी बघितली नाही. पठ्ठा आखाड्यात उतरला, की हा गडी पाठ फिरवून बसायचा. तोंड लोकांकडं. शेजारचा म्हणायचा, "वस्ताद, हिकडं बघा की!" वस्ताद गुरगुरायचा, "तू बघ. मी तुजं त्वांड बघतो." आणि खोटं कशाला सांगू, नुसत्या लोकांच्या चेहऱ्यांवरून तो डावसुद्धा ओळखायचा.

हे महाराजांच्या कारकिर्दीतलं कोल्हापूर. पेठेपेठेत तालीम, घरटी एक पैलवान, आणि अपवाद म्हणून मी. वडील लवकर गेले. घरात आई आणि मी, आणि अंगणाच्या भिंतीपलीकडं वस्ताद एकटा. माझी अंगकाठी म्हणजे नुसतीच काठी. तरी रोज सकाळी भिंतीवरून हाक यायची, "उठला का पैलवान?" मी ओ दिल्याशिवाय तो चूल पेटवायचा नाही. त्याला स्वतःला हाक मारणारं मात्र कुणी नव्हतं.

मॅट्रिक झालो आणि मुंबईच्या एका नामांकित कॉलेजात अर्ज केला. अर्ज ढीगभर यायचे, घ्यायची मोजकी पोरं, आणि शेवटची निवड प्रिन्सिपॉलसाहेब स्वतः समोर उभं करून करायचा. हे ऐकल्यावर वस्तादाचे डोळे चमकले.

"म्हंजी तुजी जोड साहेबासंगं! वजनाला कसा हाय?"

"अहो, तोंडी परीक्षा असते ती. इंग्रजीत."

"असंना. समोर गडी हुबा ऱ्हायला की कुस्तीच की!"

झालं! दुसऱ्या दिवसापासून माझा खुराक सुरू. बदाम घातलेलं दूध, जोर, बैठका, आणि प्रत्येक बैठकीला एक इंग्रजी शब्द. डोक्याला तेल असं रगडायचा, की वाचलेलं सगळं कानातून बाहेर येईल असं वाटायचं. आई म्हणाली, "वस्ताद, पोरगं शिकायला जातंय, मरायला न्हवं."

"वैनी, तुमी मधी पडू नगासा."

डावही शिकवले. "येत न्हाय त्या प्रश्नाखाली दबून पडू नगंस. निसटून भाईर ये, आन् साहेबाला आपल्या डावावर आण. आन् आत गेल्या गेल्या सलामी. ती चुकली की सगळं चुकलं." महिनाभर मी कोठीच्या दाराला साहेब समजून सलामी देत होतो.

मुंबईला सोबत अर्थातच वस्ताद. व्हरांड्यात कोट-टोप्या घातलेली, घामाघूम झालेली पोरं. माझं नाव पुकारलं, तसा तो दाराकडं पाठ करून बसला. शिपाई म्हणाला, नीट बसा. वस्ताद म्हणाला, "पावणं, मला कुस्ती बघायची न्हाय."

आत साहेबाला बघितलं आणि होतं नव्हतं तेवढं इंग्रजी पळालं. उरली ती नुसती सवय. मी वाकलो, जमिनीला हात लावून कपाळाला लावला, आणि प्रिन्सिपॉलसाहेबासमोर खणखणीत शड्डू ठोकला!

साहेब खुर्चीतून उठलाच. हे काय, म्हणून त्यानं विचारलं. मला वस्ताद आठवला: आपल्या डावावर आण. मी कुस्ती सांगायला लागलो. सलामी म्हणजे काय, तांबडी माती कशी मळतात, वस्ताद कोण. मोडकंतोडकं का होईना, इंग्रजी सुरू झालं ते थांबेना. साहेब खुर्ची पुढं ओढून ऐकत राहिला आणि शेवटी हसून म्हणाला, टर्म सुरू झाली की ये.

बाहेर आलो. मी बोलायच्या आत पाठमोरा वस्ताद ओरडला, "मारलीस!"

"तुम्हाला काय माहीत?"

"तू दारात दिसलास तशी ह्या पोरांची तोंडं पडली की!"

परतीच्या गाडीत मी थट्टेनं म्हटलं, "एकदा तरी बघायचं होतं, वस्ताद." तो खिडकीकडं वळला. मग म्हणाला, "पिलेगाच्या साथीत गावाभाईर झोपडीत ऱ्हायलतो. बायकू आन् पोरगा दोघंबी आजारी. रातध्याड त्येंच्याकडं बघत बसलतो, माजं डोळं मिटू दिलं न्हाईत. काय उपेग झाला?" तो पोरगा माझ्याच वयाचा होता, हे मला नंतर आईनं सांगितलं. मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं भिंतीला भिंत लागून, आणि मला पत्ता नाही.

टर्मला निघालो. आई घरीच रडून घेत होती. वस्तादानं स्टेशनावर ट्रंक चढवली, बदामाचा पुडा माझ्या हातात कोंबला आणि गाडीकडं पाठ करून उभा राहिला. माणसं हसायला लागली.

मी खिडकीतून ओरडलो, "वस्ताद, कुस्ती निकाली झाली! आता तरी बघा की हिकडं!"

"तुजी झाली," तो न वळताच म्हणाला. "माजी आता लागली."

गाडी हलली. मी वाकवाकून बघत राहिलो. आखाड्यावर त्याच्यापुढं निदान माणसांचे चेहरे असायचे. इथं समोर नुसती स्टेशनची भिंत होती. आणि उद्या सकाळी आमच्या भिंतीवरून त्यानं हाक मारली, तरी ओ द्यायला मी नसणार होतो.