मुक्या डब्याचा खून

बोरी अरबच्या पंचक्रोशीत गुन्हे होत नाहीत, ते केवळ आपल्या दराऱ्यामुळे, असं सदाशिवराव गावंडे यांचं ठाम मत होतं. एकदा हरवलेली म्हैस त्यांनी निव्वळ तर्काच्या जोरावर शोधली होती. ती स्वतःच्या पायांनी गोठ्यात परतली, हा योगायोग. शेती त्यांची बायको विजयमाला पाहायची. एवढ्या बुद्धीच्या माणसानं कपाशीत राबावं हे सदाशिवरावांना पटत नसे.

त्यामुळे डबा बसवणाऱ्या कंपनीच्या नागपूरच्या साहेबांनी शेताच्या धुऱ्यावर उभं राहून "तुमच्या शेतातला डबा मेलाय" म्हटलं, तेव्हा सदाशिवरावांचे डोळे चमकले.

"मेला नाही. मारला," ते म्हणाले.

डबा होता काडेपेटीएवढा. सापळ्यातले बोंडअळीचे पतंग मोजायचे आणि खबर धाडायची, एवढंच त्याचं काम. गेल्या साली अळीनं अख्खी कपाशी पोखरली, म्हणून विजयमालानं हट्टानं तो लावून घेतला होता. साहेब आज तो उपटून नेणार होते. नेला, तर यंदाही फवारणी अंदाजानंच करावी लागणार होती. विजयमाला पलीकडच्या तुकड्यात होती आणि तिला यातलं काहीच माहीत नव्हतं.

सदाशिवरावांनी आधी शेजारच्या भावसिंगच्या बकरीला धरलं. "वायर हिनंच खाल्ली."

"याला वायरच नाही, काका," वैष्णवी म्हणाली. साहेबांच्या हाताखालची ही इंजिनिअर दारव्ह्याची पोरगी. डबा तिनंच घडवला होता. "मोठ्या कॉम्प्युटरच्या सिस्टममधला नेटवर्कचा कोड याच्या मेमरीत मावत नव्हता. मी तो छाटून छाटून बसवला."

"मेमरी किती होती?" सदाशिवरावांनी विचारलं.

"मूठभर."

"आता किती उरली?"

"काहीच नाही."

"मंग खाल्ली कोनं?"

"मीच भरली."

"कबुली," सदाशिवराव साहेबांकडे वळून म्हणाले. साहेबांनी घड्याळ पाहिलं.

तेवढ्यात भावसिंग पाठीवर फवारणीचा पंप घेऊन आला. सदाशिवरावांनी त्याची वाट अडवली. "तू आजच काहून फवारून राह्यला?"

"वहिनीनं सांगतलं म्हनून."

"मागच्या खेपीही तिनं फवारलं त्याच दिवशी फवारलं होतं तू."

"तवाही वहिनीनंच सांगतलं होतं."

सदाशिवरावांचा तर्क जुळला: डब्याचा मेंदू काढून भावसिंगनं आपल्या शेतात पुरला आणि घरातलंच माणूस त्याला सामील आहे. सदाशिवरावांना बायकोचं फार वाईट वाटलं. पण कर्तव्यापुढं संसार कसला, असं म्हणून त्यांनी मिशीवर हात फिरवला. साहेब डबा उपटायला वाकले.

"हात नका लावू त्याले." तोंडाला फडकं, पाठीवर पंप, अशी विजयमाला कपाशीच्या दोन ओळींमधल्या तासातून येत होती. "काय झालं?"

"मेलाय तो, बाई."

"मंग आज सकाळी मले कोनं कळवलं पतंग वाढले म्हनून?" तिनं मोबाइल पुढं धरला. डब्याचा निरोप त्यावर होता. "तुमाले कसं समजलं मेला म्हनून?"

ही साधी गोष्ट विचारायची सदाशिवरावांच्या तपासात राहून गेली होती.

"आम्ही ऑफिसातून रोज त्याला विचारतो, आहेस का? तो उत्तरच देत नाही."

वैष्णवीनं कपाळाला हात लावला. "सर, असं तपासता हे मला सांगायचं ना. कामाचं तेवढंच ठेव म्हणालात. 'आहे' म्हणायचा भाग मी सगळ्यात आधी कापला."

साहेबांनी डब्यावरची माती उगीचच झटकली आणि राहू द्या म्हणाले. विजयमालाचा जीव भांड्यात पडला.

"म्हंजे रामराम घेत नाही, पण काम करते," ती म्हणाली. मग तिनं नवऱ्याकडं पाहिलं. "पोरी, आमच्या ह्यांचं उलटं आहे. काही छाटता येते का पाह्य."

वैष्णवीला हसू आवरेना. विजयमालानं तोंडाचं फडकं सोडून नवऱ्याच्या तोंडाला घट्ट बांधलं आणि पंप त्याच्या पाठीवर चढवला.

"सदाशिवराव, रामराम," वाटेवरून कोणीतरी हाक मारली.

सदाशिवराव मुकाट्यानं तासात शिरले.