साबणदाणीचा प्रारंभ कालावधी

दाखले कार्यालयातला संगणक सकाळी दहा वाजता सुरू करण्यात येतो आणि पावणेअकराच्या सुमारास सुरू होतो. या दोन घटनांमधल्या वेळेला कार्यालयीन भाषेत 'प्रारंभ कालावधी' म्हणतात. या कालावधीत पडद्यावर एक निळं चक्र फिरत असतं आणि त्याच्या देखरेखीखाली कार्यालय हळूहळू माणसात येतं. साडेदहाला येणारे त्याच्यामुळे वेळेवर आलेले ठरतात. खिडकी क्रमांक दोनच्या बाईंनी तर गेल्या सहा वर्षांतल्या प्रारंभ कालावधींत चार स्वेटर विणले होते आणि दोन पुतण्यांची लग्नं जमवली होती. कुणाची काही तक्रार नव्हती. बाहेर रांगेतल्या लोकांचीही नव्हती. ते डबा घेऊनच येत.

अशा सुरळीत कारभारात खिडकी क्रमांक चारचा संगणक एका सोमवारी कायमचा निजला. नवा मिळायला तीन वर्षं लागतात, आणि जुना मेला आहे हे सिद्ध करायला चौथं. त्या खिडकीवरच्या कारकुनाला सगळे फ्यूज म्हणत, कारण पंखा बंद पडो की घंटी, 'फ्यूजला बोलवा' हे ठरलेलं. एरवी त्यानेही चार वर्षं खुशाल माश्या मारल्या असत्या. पण त्याच्या ताईच्या मुलीला नर्सिंग कॉलेजात प्रवेश मिळत होता, त्यासाठी रहिवासाचा दाखला लागत होता, आणि मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंतच होती. दाखल्यांसाठी उरलेल्या एकट्या खिडकी दोनच्या रांगेत उभं राहिलं तर नंबर पुढच्या गुरुवारी लागला असता.

म्हणून फ्यूजने घरून आपलं यंत्र आणलं. यंत्र कसलं, पत्त्याच्या पानाएवढी हिरवी पाटी आणि तिच्यावर चार चिपा. पण संगणक तो संगणकच. फ्यूजच्या शाळेत जसे संगणक होते, हुबेहूब तसा त्याने तो घडवला होता. चित्रं नाहीत, स्वागत नाही, चक्र तर नाहीच नाही. बटण दाबलं की काळा पडदा, हिरवी अक्षरं, आणि बोट उचलायच्या आत यंत्र हात जोडून उभं. यापायी त्याने कितीतरी रविवार घालवले होते आणि बायकोची बोलणी खाल्ली होती. पेटी मिळेना म्हणून त्याने न्हाणीघरातली साबणदाणीच उचलली. तिला खाली भोकं होती, त्यातून वारा खेळायचा. कार्यालयाची संगणकीय नोंदवही तिला जोडली. नोंद जुळली तर दाखला, नाही जुळली तर नकार. एकूण वेळ, दोन सेकंद.

मंगळवारी ठीक दहाला खिडकीशी पहिले आले ते एक निवृत्त मास्तर. काखेत घडीचं स्टूल, हातात डबा.

"घ्या मास्तर, झालं."

"काय झालं?"

"दाखला."

"अहो, असं कसं? मी डबा आणलाय!"

"घरी जाऊन खा की."

"घरी संध्याकाळ होईल म्हणून सांगून आलोय." मास्तरांनी कागद उजेडात धरला, उलटा केला, शिक्क्यावर नख घासून पाहिलं. "खरा आहे ना हा?"

"शंभर टक्के."

"मग इतक्यात कसा झाला?"

मास्तर तडक खिडकी दोनच्या रांगेत जाऊन उभे राहिले. आपला दाखला खरा आहे असा दाखला त्यांना हवा होता. त्यांच्या मागोमाग फ्यूजकडून दाखला घेतलेला दुसरा माणूस गेला, मग तिसरा. दुपारपर्यंत खिडकी चार ओस पडली आणि खिडकी दोनची रांग रस्त्यावर गेली. बाईंचा स्वेटर बाहीवर अडला.

"फ्यूज, तुला कुणी सांगितलं होतं रे घाई करायला?" बाई म्हणाल्या. "तुझ्या वेगाने माझं काम दुप्पट झालं."

त्यात साहेबांनी बोलावलं. दाखल्यावर साहेबांची सही छापूनच येते आणि सहीखाली वेळही येते, ही व्यवस्था त्यांनीच लावलेली होती.

"या दाखल्यावर मी दहा वाजून दोन सेकंदांनी सही केलीय," साहेब म्हणाले. "दहा वाजून दोन सेकंदांनी मी कुठे होतो?"

"घरी असाल, साहेब."

"घरी कसा असेन? सही केलीय ना!"

संध्याकाळी फ्यूजच्या हातात नोटीस पडली. विषय: 'कार्यालयात विनापरवाना साबणदाणी बाळगून कामकाजात वेग निर्माण केल्याबाबत.' खुलाशाला सात दिवस होते.

बुधवारी तांत्रिक तपासणीस आला. भला माणूस होता, फक्त त्याच्याकडे तक्ता होता. बटण दाबल्याबरोबर यंत्र सुरू झालेलं पाहून तो क्षणभर खूश झाला, आणि मग तक्त्याकडे बघून त्याचा चेहरा पडला.

"रकाना क्रमांक सात: यंत्र सुरू होत असताना पडद्यावर काय दिसते? काय लिहू?"

"काहीच दिसत नाही. सुरू होत नसतंच ते, सुरूच असतं."

"काहीच दिसत नाही असं लिहिलं, तर यंत्र बंद आहे असा अर्थ होतो."

"पण चालू आहे, बघा की."

"मला दिसतंय हो. तक्त्याला कसं दिसणार?" आणि त्याने मोठ्या कष्टाने लिहिलं: यंत्र बंद आहे.

त्याच दिवशी सव्वाअकराला ताई येऊन दाखला घेऊन गेली. भावाचा तिला एवढा अभिमान वाटला की तिने सगळ्या कार्यालयाला ऐकू जाईल अशी त्याची पाठ थोपटली. फ्यूजला वाटलं, नोटीस येवो नाहीतर जावो, आपलं काम झालं.

शुक्रवारी एक वाजता ताई परत आली. पाठ थोपटायला आली नव्हती.

"परत केला त्यांनी! कॉलेजातला तो चष्मेवाला म्हणतो, सव्वाअकराला अर्ज आणि सव्वाअकरालाच दाखला? चौकशी कधी केली? वर मला विचारतो, मामा आहे वाटतं पोरीचा तिथे कोणी!"

"मग तू काय म्हणालीस?"

"आता आहेस मामा, तर खोटं बोलू? हो म्हणाले."

"अगं ताई!"

"अगं ताई काय? दुनियेचं भलं करायला निघालास आणि घरच्याच पोरीला बुडवलंस. पोर रडून रडून अर्धी झालीय. चार तास राहिलेत. मला रीतसर, उशिरा मिळालेला दाखला हवाय!"

खिडकी दोनसमोर शंभरेक माणसं होती. फ्यूजने साबणदाणीकडे पाहिलं. सगळा जन्म गोगलगायींत काढल्यावर त्याने एक हरीण पाळलं होतं, आणि आता आपल्याच हाताने त्याचे पाय बांधायचे होते. मग त्याने यंत्राच्या आज्ञावलीत सहा ओळी लिहिल्या. काम तेच, दोन सेकंदांचं. पुढची चाळीस मिनिटं नुसतं थांबायचं. पडद्यावर अक्षरं आली: 'कृपया थांबा. सखोल पडताळणी सुरू आहे.' खाली हिरव्या चौकटींची एक पट्टी सरकू लागली. मुद्दाम त्याने ती नव्व्याण्णव टक्क्यांवर अकरा मिनिटं अडकवून ठेवली.

दोघं पट्टीकडे बघत बसली. नव्व्याण्णव आले तशी ताई पुढे सरकली.

"अडलं का रे? आपल्या कागदात काही खोट तर नाही ना?"

"ताई, दाखला कधीच झालाय. हे थांबायचं मी आत्ता तुझ्यासमोर—"

"तू गप्प बस. त्याला त्याचं काम करू दे."

शंभर झाले. ताईने साबणदाणीला नमस्कार केला. चार वाजता चष्मेवाल्याने दाखला पाहून मान डोलावली, "हं, आता कसं रीतसर वाटतंय," म्हणाला, आणि पोरीला प्रवेश मिळाला.

मग सगळंच मार्गी लागलं. तपासणिसाने रकाना सातमध्ये 'पट्टी दिसते' असं लिहून यंत्र चालू असल्याचं जाहीर केलं. दहाला टाकलेल्या अर्जावर आता साहेबांची सही साहेब आल्यावरच होऊ लागली. नोटीस मागे घेतली गेली आणि तिच्या जागी 'साबणदाणीस कार्यालयीन शिस्त लावल्याबद्दल' फ्यूजला प्रशंसापत्र मिळालं. लोक खिडकी चारवर लोटले. "नवं यंत्र आहे, कसून तपासतं," अशी बोलवा झाली. मास्तर तर दाखला असूनही पुन्हा आले, स्टूल उघडून पट्टीसमोर बसले आणि निवांत जेवले. खिडकी दोनच्या बाईंनी मोकळ्या वेळात साबणदाणीला लोकरीचं आवरण विणून दिलं. त्याने भोकं बुजली, यंत्र तापू लागलं, आणि आता त्याला खरोखरच वेळ लागतो. हे फ्यूजशिवाय कुणाला कळलेलं नाही.

फ्यूजला याचं वाईट वाटतं. पण विचारलं तर तो ही हकीकत दोन वाक्यांत सांगतो: "यंत्र लगेच सुरू व्हायचं. लोकांना खरं वाटेना, म्हणून हळू केलं." ऐकणारा म्हणतो, "बस, एवढंच? काहीतरी लपवतोयस तू."

म्हणून ती आम्ही अशी सावकाश सांगितली. तुम्हीही शेवटपर्यंत थांबलात. आता खरी वाटतेय ना?