बस म्हटलं की बसायचं

नाथाजी वस्तादांनी तालमीत पहिलं पाऊल टाकलं तेव्हा पोरं मारुतीला नमस्कार करत होती आणि त्यांच्यातलाच गुंडा मारुतीच्या मागं उभा राहून त्यांना आशीर्वाद देत होता.

तालीम इस्लामपूरच्या अलीकडच्या एका गावातली. नाव सांगून गावाची अब्रू वाढेल असं काही पुढं घडत नाही, म्हणून ते राहू दे. लढाई संपली आणि नाथाजी हवालदार इटलीतून परत आले. तिकडं त्यांनी नक्की काय केलं हे गावाला ठाऊक नव्हतं. पण ज्या अर्थी जर्मन हरला त्या अर्थी काहीतरी केलं असणार, असं गावानं धरलं होतं. पलटणीत त्यांच्या हाताखाली खेचरं होती, ही गोष्ट नाथाजींनी कुणाला सांगितली नाही आणि खेचरं सांगायला आली नाहीत.

त्यांना वस्ताद केलं ते लालासाहेबांनी. तालीम लालासाहेबांच्या वाडवडिलांनी बांधलेली, आणि वाडवडिलांनी केलेली एवढी एकच गोष्ट त्यांना अजून विकता आली नव्हती. गावच्या यात्रेत मोठ्या कुस्तीचा फेटा लागोपाठ दोन वर्षं कोरेगावकर घेऊन गेले होते. "औंदाबी गेला तर तालमीला कुलूप," लालासाहेबांनी नाथाजींना बजावलं. "गुळाच्या ढेपा ठिवायला जागा पुरंना झालीया मला."

कुलूप लागलं असतं तर वस्ताद म्हणून मिळालेली तालमीमागची खोली गेली असती, आणि नाथाजींना परत बहीण साळूबाईच्या घरी राहावं लागलं असतं. साळूबाईनं त्यांना लढाईवरून आल्या आल्या म्हशींमागं धाडलं होतं. म्हशी खेचरांपेक्षा शांत; पण गावातल्या बायका म्हशींमागं चाललेला हवालदार बघून ज्या तऱ्हेनं पदर तोंडाला लावत, त्यानं हवालदाराची मान खाली जाई, आणि ते जर्मनांच्या तोफांनाही जमलं नव्हतं.

नाथाजींनी तालमीचा रोग लगेच ओळखला. पोरांना डाव येत होते, अंगात रग होती. नव्हती ती शिस्त. कुणी मल्लखांबाला तेलाऐवजी काकवी फासे, कुणी दुसऱ्याचा लंगोट मारुतीच्या शेंडीला बांधे. वस्तादांनी तीन हुकूम शिकवले. बस म्हटलं की बसायचं, ऊठ म्हटलं की उठायचं, आणि लेट म्हटलं की पाठीवर पडून आढ्याकडं बघायचं. पलटणीत पालथं पाडतात. पण पालथी पाडलेली पोरं मातीत तोंड घालून हसत होती, म्हणून नाथाजींनी त्यांना उताणं केलं. कुस्ती शिकवणाऱ्या जागेत पोरांना पाठ टेकवायची सवय लावतो आहोत, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही. शिस्तीत असल्या गोष्टी ध्यानात येत नसतात.

पंधरवड्यात सगळी तालीम एका आवाजात उठू-बसू लागली. राहिला गुंडा.

"बस," वस्ताद म्हणाले. सगळे बसले. गुंडा उभा.

"गुंडा, बस म्हटलं न्हवं?"

"व्हय की."

"मग?"

"का, ते सांगितलं न्हाईसा."

"पलटणीत 'का' इचारलं की माणूस मरतो, गड्या."

"आन न्हाई इचारलं तर?"

नाथाजींना इटलीत मागं राहिलेले काही चेहरे आठवले. मग त्यांनी गुंडाला बैठका सांगितल्या.

तेव्हापासून हा रोजचा नेम झाला. गुंडा 'का' म्हणे, वस्ताद शिक्षा सांगत. शिक्षा मात्र तो बिनतक्रार भोगी, कारण शिक्षा का, हे त्याला पुरतं कळलेलं असे. आधी बैठका, मग जोर, मग लाल मातीचा अख्खा हौद एकट्यानं खोऱ्यानं खणायचा, मग ओढ्यावरून घागरी आणून तो भिजवायचा. एवढं करूनही 'का' जाईना, तेव्हा वस्तादांनी त्याचं तालमीतलं दूध बंद केलं.

दुसऱ्या दिवशी त्याची आई बयाबाई तालमीच्या दाराशी उभी राहिली. बायकांनी तालमीत जायचं नाही ही रीत, त्यामुळं जे बोलायचं ते तिनं उंबऱ्याबाहेरून, अर्थात सगळ्या आळीला ऐकू जाईल असं सांगितलं. "आवं वस्ताद, हितं दूद बंद केलंसा, आन त्यो घरात भाकरीचं टोपलं रिकामं करतुया. शिक्षा त्येला हाय का मला?"

बंद केलेलं दूध टाकून देणं पाप, म्हणून ते शिस्तीच्या पोराला मिळू लागलं. शिस्तीचं पोर म्हणजे ज्ञानू, वस्तादांचा भाचा, साळूबाईचा एकुलता एक. ज्ञानूनं जन्मात कुणाला 'का' विचारलं नव्हतं. त्याला बक्षीस म्हणून वस्तादांनी कट्ट्यावर आपल्याशेजारी बसवलं. तो तिथं बसे, गुंडाच्या घामाकडं बघे आणि गुंडाचं दूध पिई. बघता बघता त्यानं अंग धरलं. मान दिसेनाशी झाली, मांड्या एकमेकींना घासू लागल्या. "गडी तयार झाला," असं जो तो म्हणू लागला. साळूबाई तर भावाशी गोड बोलू लागली, आणि हे त्या घरात पूर्वी कधी घडलं नव्हतं.

यात्रेचा दिवस उजाडला. मोठी कुस्ती ज्ञानूचीच, यात कुणाला शंका नव्हती. गुंडाला वस्तादांनी शिक्षा म्हणून लंगोटच चढवू दिला नाही. त्याला फडाच्या कडेला बसवलं, मांडीवर आपला कोट आणि पलटणीतले बूट ठेवले, आणि हलायचं नाही म्हणून दम भरला.

"का वं?"

"शिक्षा हाय म्हणून."

"मग बसतो," गुंडा म्हणाला.

आमच्याकडं कुस्तीची जोड पंच नजरेनं लावतात. दोन गडी शेजारी उभे करायचे, अंगानं सारखे दिसले की लावून टाकायचे. अंग कशाचं झालं आहे याची चौकशी करायची रीत नाही. त्यामुळं ज्ञानूच्या शेजारी कोरेगावकरांनी जो गडी आणून उभा केला, त्याचं अंग मेहनतीचं आहे हे एकट्या नाथाजींनी ओळखलं. पण ते खरे दचकले ते कोरेगावच्या नव्या वस्तादांना बघून. ते आप्पासो सुभेदार होते. नाथाजींच्याच पलटणीतले, नाथाजींचेच वरिष्ठ. त्यांच्या हुकमानं खेचरंसुद्धा कान सरळ करून उभी राहत.

सलामी झडली. आप्पासोंनी आपल्या गड्याला पट काढायला वाकवावं म्हणून पलटणी आवाजात आरोळी दिली, "खाली बस!"

ज्ञानू बसला.

असा डाव कुणी पाहिला नव्हता. कोरेगावचा गडी हुकमासरशी खाली गेला होता, पण समोर धरायला पाय दिसेनात, तेव्हा काही कपट असेल म्हणून दोन पावलं मागं सरला. आप्पासोंनी मात्र तीस वर्षं रंगरूट बघितले होते. त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि अगदी हलक्या, ज्ञानूपुरत्या आवाजात म्हणाले, "ऊठ." ज्ञानू उठला. "बस." ज्ञानू बसला. मग त्यांनी नाथाजींकडं एकदा मायेनं बघितलं आणि म्हणाले, "लेट."

ज्ञानू पाठीवर पडून आभाळाकडं बघू लागला. आढं नसल्यामुळं तो जरा गोंधळल्यासारखा दिसला, एवढंच. कोरेगावच्या गड्यानं येऊन शिष्टाचार म्हणून त्याच्या छातीला हात लावला आणि पंचांनी कुस्ती दिली.

हलग्या वाजू लागल्या. लालासाहेब तालमीच्या दिशेला बघत होते आणि मनात ढेपा रचत होते. नाथाजी तरातरा फडात शिरले. कुस्ती खोटी आहे, परक्या वस्तादानं हुकूम देऊन गडी पाडला आहे, असं पुष्कळ त्यांना बोलायचं होतं.

"हवालदार नाथाजी," आप्पासो म्हणाले. "अटेनशन."

नाथाजींच्या टाचा आपोआप जुळल्या. छाती पुढं आली, हनुवटी वर गेली, आणि सगळ्या गावासमोर ते खांबासारखे उभे राहिले. तोंड उघडायचा हुकूम नव्हता. पोरांनी ज्ञानूला तंगड्या धरून कडेला ओढलं. तो आभाळाकडं बघतच गेला.

कोरेगावच्या गड्याच्या डोक्यावर फेटा चढणार, तेवढ्यात शड्डूचा आवाज आला. गुंडानं वस्तादांचा कोट आणि बूट नीट घडी घालून, म्हणजे कोटाची घडी घालून, खाली ठेवले होते, आणि धोतराचा काचा मारून तो फडात उतरला होता. फेटा बांधायच्या आत कुणी शड्डू ठोकला तर नाही म्हणायचं नाही, ही रीत गावाइतकीच जुनी. पंचांचा नाइलाज झाला.

आप्पासोंचा नव्हता. त्यांच्यापाशी आवाज होता. "मागं हो!" ते गुंडावर गरजले.

"का वं?" गुंडानं विचारलं.

आप्पासोंना हा शब्द सबंध नोकरीत ऐकू आला नव्हता. ते लालबुंद झाले. "बस! बस म्हंतो न्हवं!"

गुंडा काही बसला नाही. पण कोरेगावचा गडी बसला. तोही आप्पासोंच्याच हातचा, वर्षभर शिस्तीत वाढलेला. आवाज आला की अंग हुकूम पाळी, तो कुणाला आहे हे बघण्याइतका वेळ त्याला कधी मिळालाच नव्हता. गुंडानं क्षणभर त्याच्याकडं कीव येऊन बघितलं. मग हौद खणून खणून तयार झालेल्या हातांनी त्याला बसल्या जागी उताणा केला.

फेटा गावात राहिला. गुंडाला खांद्यावर घेऊन मिरवणूक निघाली, बयाबाईनं ओवाळलं, लालासाहेबांनी ढेपांसाठी दुसरी जागा बघायला माणूस धाडला. आप्पासो स्वतः चिडून "विश्राम" म्हणाले तेव्हा कुठं नाथाजी हलले. दिवेलागणीला साळूबाई दारात येऊन विचारू लागली की सगळे आले, माझा ज्ञानू कुठं आहे. नाथाजी धावत फडाकडं गेले. ज्ञानू होता तिथंच होता. त्याला कुणी ऊठ म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या सकाळी तालमीत लालासाहेब जातीनं हजर होते. त्यांच्या सांगण्यावरून नाथाजींनी घसा साफ केला आणि नवा हुकूम सुनावला. "आजपास्नं या तालमीत 'का' इचारल्याबिगर कुणी काय बी करायचं न्हाई. समजलं?"

"समजलं, वस्ताद," सगळी तालीम एका आवाजात म्हणाली. ज्ञानूचा आवाज सगळ्यांत मोठा.

मागच्या रांगेत गुंडा मांडी खाजवत उभा होता. "का वं?" तो म्हणाला.

सवयीनं नाथाजींनी बैठका सांगायला तोंड उघडलं. मग त्यांनी लालासाहेबांकडं बघितलं, मारुतीकडं बघितलं. दोघांपैकी कुणी मदत करीना. त्यांनी स्वतःच कारण न सांगता हुकूम दिला होता. गुन्हा धडधडीत होता, आणि या तालमीत गुन्ह्याची शिक्षा ठरलेली होती. त्यांनी कोट काढून कट्ट्यावर ठेवला, कोपऱ्यातलं खोरं उचललं आणि हौदात उतरून माती खणायला सुरुवात केली.

गुंडा रांग सोडून हौदाच्या काठाशी आला. मग त्याला राहवेना.

"खोरं जरा तिरकं धरा, वस्ताद," तो म्हणाला.

वस्तादांनी का म्हणून विचारलं नाही. तिरकं धरलं.