वाचल्याशिवाय सही नाय

मुकुंदवाडीत गॅसवाला आमच्या गल्लीत आला की निर्मलाचं सिलिंडर सगळ्यात शेवटी उतरवतो. कारण ती पावती वरपासून खालपर्यंत मोठ्यानं वाचते, मग पेन उघडते.

"मावशी, गॅसच आहे वो, जमीन नाय लिहून घेत तुमची!"

"असू दे. वाचल्याशिवाय सही नाय."

माझी शाळा चौथीपर्यंत. त्यामुळं माझे कागदही तिच्याच ताब्यात. लग्नाची पत्रिका आली तरी खालचं 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' इथवर वाचून दाखवते. मी तोवर भाजी निवडून घेते.

निर्मला बँकेतून निवृत्त झालेली, एकटी बाई. दर गुरुवारी तुरुंगात जाऊन बायकांना बँकेचे व्यवहार शिकवायची. एकदा परवानगी काढून मलाही नेलं, फॉर्मांची पिशवी उचलायला.

"पिन कुणाला सांगायचा?" तिनं विचारलं.

"नवऱ्याला," एक बाई म्हणाली.

"त्यानंच धाडलं ना तुला इथं?"

सगळ्या हसल्या. ती बाईही हसली.

पुढं कलावती बसली होती, फर्दापूरकडची. बचत गटाची अध्यक्ष, पण निरक्षर. दिरानं कागदावर तिचा अंगठा घेतला, गटाचे पैसे उचलले आणि पळाला. आत गेली ही. आता अक्षरं जुळवत होती. सगळ्यांवर खेकसणारी निर्मला तिच्याशी मात्र हळू बोलत होती.

परतताना रिक्षात मी कारण विचारलं.

"आक्का, बँकेत असताना तो अंगठा काउंटरवर मीच धरून उठवला. आधी कागद वाचून दाखवायचा नियम आहे. मागं लई रांग होती. म्हटलं, ठेव बाई लवकर."

"मग सांग की तिला!"

"लिहून ठेवलंय. तिला वाचता आलं की देणार."

"तोंड हाय ना तुला?"

त्यावर ती रिक्षात लावलेली सूचना मोठ्यानं वाचू लागली. थुंकू नये, इथपर्यंत.

पुढं मीही विषय काढला नाही. म्हटलं, गुरुवार काय, दर आठवड्याला येतो.

एका गुरुवारी कलावतीची जागा रिकामी होती. जामीन झाला होता, ती गेली. बाकीच्या बायकांनी निर्मलाला तिच्या सुटकेची साखर दिली. हिनं ती तशीच मुठीत धरून घरी आणली. मुठीत पाणी झालं होतं.

"चल, फर्दापूरला जाऊ," मी म्हणाले.

"आधी पत्र नीट उतरवते."

तिसऱ्यांदा उतरवून झालं, तरी ते पर्समध्येच आहे. परवा ती चहा ठेवायला उठली, तेव्हा मी ते काढून वाचलं. चौथीवालीला जमेल एवढं मोठं अक्षर. मजकूर एकच ओळ: 'कागद वाचून न दाखवता तुमचा अंगठा मी घेतला.' खाली तिची सही. त्याखाली 'वाचून समजले' असं लिहून कलावतीसाठी जागा सोडलेली.

मी होती तशी घडी घातली. तिचा हात धरून एसटीत बसवायला हवं होतं. मी चहा प्यायले आणि घरी आले.